पोत्यावरचा हात

महिन्याचा बाजार सांगलीच्या पेठेतून सायकलवर आणायचा, हे आमच्या घरी आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, आणि माझं काम. कॅरियरवर ज्वारीचं पोतं, हँडलला दोन्हीकडं पिशव्या. एवढं लादल्यावर सायकलवर बसता येत नाही, ढकलतच न्यावी लागते. मी हँडल धरायचो, आण्णा मागून पोत्यावर हात ठेवून चालायचे. फौजेतून रिटायर झालेला माणूस. वाटेत थांबणं त्यांना माहीत नव्हतं.

अलीकडं मात्र सायकल फार जड लागायची. एकदा मी म्हणालोच, "आण्णा, तुमी ढकलताय का वडताय?" त्यांनी पोत्यावरच्या हाताची जागा तेवढी बदलली.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर. आवळण्या-कसण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत. सुपरवायझरचं मत वेगळं होतं, पण मी ते मनावर घेत नसे. पुढच्या बाजाराला मी जुनी ट्यूब कापून पट्ट्या केल्या आणि पोतं असं आवळलं की हलायची बात नको. आण्णांना म्हटलं, आता हात लावायला नको, तुम्ही सावकाश या. आणि ऐटीत पुढं निघालो. घरी पोतं उतरवलं, आईला माझी कारागिरी ऐकवली, चहा प्यालो. आण्णा आले नाहीत.

उलट्या पावली गेलो. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. सदरा घामानं चिकटलेला, पंजा भिंतीला टेकलेला. मला बघून ताठ झाले.

"चप्पल तुटली," म्हणाले.

चप्पल धड होती. तो भिंतीवरचा पंजा बघितला, तेव्हा या शहाण्याला कळलं की इतके महिने आण्णा पोत्याला नाही, पोतं आण्णांना सावरत होतं.

डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, मला फौजेनं तपासून घेतलंय. आईचंही चाललं नाही. मग मला एकच सुचलं. पुढच्या महिन्यात पोतं मुद्दाम सैल बांधलं. दुकानदार हसला, हमाल हसले. आण्णा म्हणाले, "बांधायची अक्कल न्हाई बघ तुला," आणि पोत्यावर हात ठेवला. मी रमतगमत चालू लागलो. असे चार बाजार झाले. दर खेपेला सायकल जास्त जड. चौथ्या खेपेला निघताना त्यांनी गाठ चाचपली. मी खाली बघत होतो.

"ऱ्हाऊ दे तशीच," ते म्हणाले.

पाचव्या बाजाराआधी आण्णा गेले. त्या खेपेला मी एकटाच होतो. हाताच्या सवयीनं पोतं सैलच बांधलं. पेठेतनं वळताना ते कलंडलं, शिवण उसवली आणि ज्वारी रस्ताभर झाली. चार माणसं गोळा करायला धावली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं ओंजळ पोत्यात रिकामी करत विचारलं, "आवळायचं कवा शिकणार रं, गड्या?"

मी फिटर आहे, हे काही त्यांना सांगितलं नाही.