केंपीला मी मारलं

नागव्वाबद्दल चांगलं बोलायला मला आजही जड जातं. मेलीला धड मराठी येत नव्हती, लिहिण्या-वाचण्याच्या नावानं अंगठा, आणि तरी विडी कारखान्याच्या व्हरांड्यातल्या चाळीस बायका माझ्याकडं पाठ करून तिच्याकडं तोंड करून बसायच्या. मग मी जळणार नाही तर काय?

त्याआधी ती जागा माझी होती. मी सातवी पास. नवी पेठेतल्या वाचनालयातून कादंबरी आणायची, बायका विड्या वळायच्या आणि मी वाचायची. वाचताना माझ्या विड्या व्हायच्या नाहीत, म्हणून प्रत्येक जणी आपल्या चार-चार विड्या माझ्या सुपात टाकायची. विड्यांचं सोडा हो, पण "विजयमालाबाई, आज लवकर बसा" असं कुणी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. घरी कोण विचारत होतं मला?

बहात्तरच्या दुष्काळात नागव्वा कानडी मुलखाकडच्या मैंदर्गी गावाहून आली. एकोणीस-वीस वर्षांची, नुसती काडी. एकदा माझा दात ठणकत होता म्हणून मी दोन दिवस गेले नाही, आणि हिनं तोंड उघडलं. परत येऊन बघते तर माझं पुस्तक कुणालाच नको! "थांबा की बाई, केंपीचं काय झालं ते ऐकू द्या," गोजाबाई म्हणाली. माझी शेजारीण, रोज माझ्या हातचा चहा पिणारी!

केंपी ही नागव्वाच्या गोष्टीतली पोरगी. तळ्याखाली एक नगर, तिथली सोळा वर्षांची. ती जळून ज्याच्याकडं बघेल ते वाळून जायचं. धाकट्या बहिणीचा गळा गोड, म्हणून हिनं एकदा तसं बघितलं आणि बहिणीची लाकडाची बाहुली झाली. मग बाहुली पदरात बांधून केंपी सात वेशी ओलांडायला निघाली, तळ्याच्या राणीकडं बहीण परत मागायला. वाटेत तरी सुधारावं? छे! आंधळ्या म्हातारीची भाकरी चोरली, नावाड्याला फसवलं, जिनं आसरा दिला तिच्याच लेकराला चिमटे काढले. बायका हातातली विडी खाली ठेवून बोटं मोडायच्या. "तळपट होवो मेलीचं!" त्यांतली बजाबाई म्हणायची आणि त्याच दमात, "मग काय झालं गं?"

मला ठाम वाटायला लागलं, केंपी म्हणजे मीच. केंपीच्या कपाळाला कायम आठ्या, माझ्याही होत्या. ती नाक मुरडायची, मीही मुरडायची. ही कालची पोर माझ्यावर गोष्ट रचतेय आणि चाळीस जणी रोज मलाच शिव्या देतायत, या विचारानं मला घास गोड लागेना.

वर्षभर हे चाललं. चैत्रात नागव्वा जत्रेसाठी आठ दिवस गावाकडं गेली. केंपी सहाव्या वेशीत अडकलेली, बायका कासावीस. गोजाबाई म्हणाली, "बाई, तुमी तर शिकलेल्या. जरा पुढं सांगा की." आयतीच संधी आली. मी सांगितलं, केंपीनं वेशीतल्या विहिरीत डोकावलं, पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं, त्याच्यावरच ती जळली आणि वाळून मेली. बाहुलीही बुडाली.

आमच्या व्हरांड्यात एक रीत होती. गोष्ट संपली की सांगणारीनं चिमूटभर तंबाखू उंबऱ्याबाहेर टाकायची. टाकली की गोष्ट मिटली. मग ती कुणी उकरायची नाही, उकरणारीच्या घरात वाईट होतं म्हणायचे. मी चांगली मूठभर टाकली. वळून बघते तर बजाबाई डोळ्याला पदर लावून बसलेली.

"मेली ना एकदाची? मग रडताय कशाला?" मी खेकसले.

सोमवारी नागव्वा आली. मी मुद्दाम दारातच गाठलं. "तुझी केंपी मेली गं. तंबाखू टाकली मी." वाटलं भांडेल, झिंज्या धरेल. मी पदर खोचून तयार होते. पण ती सूप मांडीवर घेऊन बसली आणि पानं कापायला लागली.

"टाकली न्हवं? मग झालं, अक्का," ती म्हणाली.

"राग नाही आला तुला?"

"केंपी मीच की." तिची कातर चालूच होती. "माजी धाकटी भन लई गोड गायची. गावात समदी तिलाच गायला बसवायची. एकदा ती तापानं फणफणली. आई म्हनली, पळ, वैद्याला आण. मी मुद्दाम सावकाश गेले. तवर ती गेली. आता कुणाची माफी मागू? केंपी सातव्या वेशीत मागणार हुती, समद्यांम्होरं. मला त्वांड होईना, म्हणून लांबवत हुते."

मी तिच्यापुढं उकिडवी बसले. "रीत गेली चुलीत! तू सांग. सातवी वेस सांग, मी ऐकते. सगळ्या ऐकतील."

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "न्हाय, अक्का. मला दिवस गेल्यात. मिटलेली गोष्ट आता न्हाय उकरत."

माझी जागा मला परत मिळाली. नागव्वा त्यानंतर सहा वर्षं रोज माझ्या शेजारी बसून विड्या वळत होती. तिची माफी मागायला मला एकदाही तोंड झालं नाही.