अप्पांच्या जीपचं स्टिअरिंग

अप्पांच्या बायकोचा, शांताबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाई, अप्पा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी नेहमीसारखं गॅरेजचं शटर वर केलं, स्टुलावर बसले आणि बसलेलेच राहिले... महिना उलटून गेला, तरी त्या शटरसमोरून जाताना माझी पावलं अडखळतात. शिवराजअप्पा काही माझे नातलग नव्हते. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज, आणि मी कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली. पण माझा सगळ्यात हट्टी विद्यार्थी कोण, असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

अप्पा मूळचे औसा तालुक्यातले. भूकंपाच्या पहाटे घराची दगडी भिंत त्यांच्या अंगावर आली. आई तिथंच गेली. अप्पांना दुपारी बाहेर काढलं, तोवर उजवा खांदा चिरडला होता. त्यांची जीप मळ्यात उभी होती म्हणून वाचली आणि पुढचे कितीतरी दिवस गावातल्या जखमींना घेऊन लातूरच्या फेऱ्या मारत राहिली. चालवत होते दुसरेच. अप्पा स्वतः पहिल्या फेरीतले जखमी. खांदा जमेल तसा जुळला, पण हात छातीच्या वर जाईना. ते लातुरात आले, गॅरेज टाकलं, पत्र्याचं घर बांधलं. पुढं ऐपत आली तरी स्लॅब टाकला नाही. "पत्रा पडला तर माणूस उठून बसतंय," म्हणायचे.

मग शहर बदललं. दहावी झालेली पोरं-पोरी गावोगावहून क्लासला येऊ लागली. सकाळ-संध्याकाळ आमच्या रस्त्यावर सायकलींचा पूर. अशाच एका संध्याकाळी वळणावर अप्पांच्या हातून जीपचं जड स्टिअरिंग पुरतं फिरलं नाही. एका मुलीची सायकल बंपरखाली आली. मुलगी उडी मारून बाजूला झाली, तिला खरचटलंही नाही. अप्पांनी तिला नवी सायकल घेऊन दिली, जीप गॅरेजच्या मागं लावली आणि चावी शांताबाईंच्या हातात ठेवली. वर्षभर त्यांनी जीपला हात लावला नाही. सगळे म्हणाले, विकून टाका, पॉवर स्टिअरिंगची कार घ्या. ते नुसते ऐकून घ्यायचे.

एक दिवस ते नांदेडच्या भंगार बाजारातून एक पंप घेऊन थेट माझ्या दारात आले. अपघातात मोडलेल्या परदेशी गाडीचा, विजेवर चालणारा, तेलाच्या दाबानं स्टिअरिंग हलकं करणारा पॉवर स्टिअरिंगचा पंप. "बाई, ह्याला करंट दिला की हे एकाच सुरात फिरून राहिलंय. कमी-जास्त होतच न्हाई."

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. त्याला फोन लावला. त्याच्याकडून कळलं ते असं, की हा पंप मूळ गाडीच्या कम्प्युटरचं ऐकायचा. इंजिन चालू आहे का, गाडीचा वेग किती, हे त्याला तारेवरून सतत कळायचं. वेग कमी असला की पंप जोरात फिरायचा, स्टिअरिंग हलकं व्हायचं. वेग वाढला की पंप मंद, स्टिअरिंग घट्ट. निरोप देणारंच कोणी नसलं की तो आपला एका ठरावीक गतीनं फिरत राहतो. अप्पांनी जीपला आधीच कारचं इंजिन बसवलं होतं आणि त्यासाठी बाजारात मिळणारा निराळा कम्प्युटर घेतला होता. त्याच कम्प्युटरकडून पंपाला निरोप द्यायचा, एवढंच करायचं होतं. एवढंच! त्यात आमचं वर्ष गेलं.

अप्पा सातवी शिकलेले. जीपच्या कम्प्युटरसाठी आकडे भरायला रोज दुपारी जेवणानंतर लॅपटॉप घेऊन यायचे. अख्खं लातूर क्लासला जात होतं आणि माझ्या ओसरीवर साठीच्या एका विद्यार्थ्याचा क्लास भरत होता. "आमची बी टूशन लागली," म्हणून ते हसायचे. आम्ही तक्ता मांडायचो : आडव्या ओळीत वेग, त्याखाली पंप किती फिरवायचा तो आकडा. त्याचा आलेख त्यांना माझ्या कॉलेजातल्या मुलांपेक्षा लवकर कळला. पण त्यांचा प्रश्न मात्र वेगळाच असायचा. "हे बंद पडलं तर?" निरोपाची तार तुटली तर? पंपच जळाला तर? मी आकडे जुळवत बसायचे आणि ते पडझडीचा विचार करत. मोकळ्या माळावर जीप नेऊन त्यांनी स्वतः तारा उपटून पाहिल्या. पंप बंद ठेवून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत जीप कडेला घ्यायची, याचा सराव त्यांनी पंधरा दिवस केला. मला तो हट्ट वाटला होता.

पहिल्यांदा लांब निघालो ते नांदेडच्या रस्त्यानं. पुढं आम्ही दोघं, मागं शांताबाई. चाकूरच्या अलीकडं जळका वास आला आणि स्टिअरिंग एकदम दगड झालं. समोरून उसाची ट्रॉली येत होती. अप्पांनी पाय ब्रेकवर घेतला, डावा हात वरून, उजवा खालून लावला आणि सगळं अंग वळवून जीप कडेच्या बाभळीपाशी उभी केली. ट्रॉली निघून गेली. "बघितलं का बाई?" घाम पुसत ते म्हणाले. "जड झालं, पर हातातून गेलं न्हाई." पंप ताणावर फार करंट ओढत होता, आणि आम्ही लावलेली वायर बारीक होती. ती टोकाशी वितळली होती. चूक माझ्या हिशेबाची. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "हाव, चुकलंच की. आता जाड टाकू." त्यानंतर पंपानं कधी दगा दिला नाही. चार वर्षं अप्पांनी जीप चालवली. क्लास सुटायच्या गर्दीतही.

मागच्या आठवड्यात शांताबाई लॅपटॉप घेऊन आल्या. "ह्यात त्यांचं काही हाय का बघा." मी जीपची फाइल उघडली. आम्ही दोघांनी केलेला तक्ता होता. त्याखाली दुसरा एक होता, मला ठाऊक नसलेला. कमी वेगाचे आकडे आमच्यापेक्षा जास्त, म्हणजे स्टिअरिंग आणखी हलकं. जास्त वेगाचे जसेच्या तसे. तक्त्याला नाव होतं, इंग्रजी अक्षरांत चुकतमाकत लिहिलेलं : शांता.

मी वाचून दाखवलं. त्यांनी स्क्रीन स्वतःकडं वळवला. "मला कुठं येतंय चालवायला... शिकवतो म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी घेऊन त्या दारात उभ्या होत्या. गॅरेजच्या मागं जाऊन मी तो तक्ता कम्प्युटरवर चढवला, इंजिन चालू केलं आणि खाली उतरले. शांताबाई पदर खोचून चढल्या, सीट पुढं ओढली. जीप जागेवरच उभी होती. त्यांनी स्टिअरिंगला हात लावला, भीत भीत डावीकडं फिरवलं, मग उजवीकडं. चाकांखालची खडी करकरली.

"हलकं हाय की," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा फिरवत राहिल्या.