खिडकीबाहेरचे ढोरडॉक्टर

काकांना एका जागी बसणं जमतच नसे. चहासुद्धा ते येरझाऱ्या घालत प्यायचे. निम्मा पोटात, निम्मा सदऱ्यावर. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, जूचंद्रचे मूळ गाववाले. त्यांच्या वाडीला खेटून आमची इमारत उभी राहिली आणि आम्हा फ्लॅटवाल्यांचे ते ‘ढोरडॉक्टर’ झाले.

जनावर दिसलं की काकांची नजर आधी कासेकडे. “गायीला चार सड, शेळीला दोन,” ते गेटवर वॉचमनला पकडून सांगत. “डुकरिणीला डझनभर, पन दूध साठवायला जागा नाय. पान्हा आला की मिनिटभरात संपला. म्हनून तिची पिल्लं अशी तुटून पडतात.” वॉचमन बिचारा मान डोलवायचा. आम्ही बायका तोंडाला पदर-ओढणी लावून सटकायचो.

मग माझी मुलगी झाली. घरी आणली तशी ती रडायची थांबेना. छातीशी धरली की जरा चोखायची, सोडायची आणि किंचाळायची. वजन घटत चाललं होतं. उद्यापर्यंत नीट प्यायली नाही तर ॲडमिट करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी दोन बोटांच्या चिमटीत नुसतं टोक धरून तिच्या तोंडात देत होते. छाती दगडासारखी झाली होती. एवढंही आपल्याला येत नाही, या विचाराने मला रडू फुटत होतं.

आमचं घर तळमजल्यावर. खिडकीबाहेर काकांच्या चपला सारख्या वाजत होत्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग एकदम थांबल्या.

“पोरी, पडदा राहू दे. मी भिंतीकडं तोंड करून उभा हाय. रागावू नको, पन ‘चिमटीत टोक धर’ असं सासू सांगताना आयकलं नि मना राहवत नाय.”

सासूबाई भडकल्या. “अहो, ती काय शेळी आहे?”

“नाय ना! म्हनून तर बोलतो. शेळीच्या कासेत खाली दूध साठलेलं असतं, करडानं सड धरला की आलं. बाईचं तसं नसतं, दूध आतून, टोकाच्या मागून यावं लागतं. नुसतं टोक देऊ नको. पोरीला मोठा आ करू दे, टोकामागचा काळा भागही तोंडात जाऊ दे. तिचं पोट तुझ्या पोटाला लाव.”

लाजेने माझे कान तापले. तरी केलं. जमेना. बाहेर चपला पुन्हा सुरू झाल्या. परत करून पाहिलं, आणि ती लागली. घुटका ऐकू आला, मग दुसरा. मघाशी भडकलेल्या सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

“पिते?” बाहेरून आवाज आला.

“पितेय, काका.”

ते चार पावलं चालून परत खिडकीशी आले. मग हळूच म्हणाले, “आमचा पयला पोरगा असाच रडायचा. मी गावभर कासा तपासत हिंडायचो, पन घरात हिला विचारायची लाज वाटली. बायकांचं काम म्हटलं नि बाहेर फेऱ्या मारत राहिलो. बारसंपन बघितलं नाय त्यानं.”

मुलगी आता शाळेत जाते. काका गेल्या वर्षी गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू एकट्याच ओटीवर होत्या. सांगावं की नाही, माझं ठरेना. शेवटी काका त्या दिवशी जे बोलले ते सांगून टाकलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “मना कदी नाय बोलले,” त्या म्हणाल्या. “मी आपली जन्मभर समजत आले, माझंच दूध कमी पडलं.”