थाळ्यावरून उचललेला हात

कमरजहां भाभींचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या कसब्यातल्या बोळात बातमी पसरली ती पित्ताशयातल्या खड्यांची. खरी गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. स्वतः भाभींना, दुबईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, अमीनला, आणि समोरच्या दारात राहते म्हणून मला. दवाखान्यात सोबतीला कोणीतरी लागतंच. डॉक्टरांनी त्यांचं पोट कापून केळ्याएवढं केलं होतं, वजन उतरावं म्हणून.

हौस नव्हती ती. त्यांचे यजमान रज्जाकभाई बागवान मंडईत फळांचा गाळा चालवायचे. साखरेने त्यांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि मग ते स्वतः. त्यांची जखम भाभींनी रोज आपल्या हाताने धुतली होती. पुढे भाभींनाही साखर निघाली, इन्सुलिनची सुई लागली. शरीर एवढं सुटलं की आमचा जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसकण मारायच्या. 'या ऑपरेशनने सुई सुटू शकते,' असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर भाभी तयार झाल्या.

"पण बाहेर बोलायचं नाही हं, वहिनी," त्यांनी मला बजावलं. "लोक म्हणतील, तोंड आवरेना म्हणून पोट कापून घेतलं."

सुई खरंच सुटली. भाभी झपाझप उतरल्या. आमच्याकडे कोणी बारीक झालं की चौकशी होते आणि कोणी जाड झालं की सल्ला मिळतो, त्यामुळे चौकशा सुरू झाल्या. मंडईतले शेजारच्या गाळ्याचे मच्छिंद्रशेठ तर तोंडावर म्हणाले, "भाभी, खड्यांचं वजन एवढं असतं होय? आम्ही तर किलोवर विकायला काढले असते!" भाभी हसल्या. पण त्या थापेनेच पुढे त्यांना अडकवलं.

भाभींच्या सासरी सणासमारंभाला दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरून एका मोठ्या थाळ्याभोवती चार-पाच बायका जेवायला बसतात. थाळा एक, हात सगळ्यांचे. त्यात एक अलिखित रीत आहे. वयाने मोठी असेल तिने जेवण थांबवून सगळ्यांआधी हात उचलायचा नाही. ती थांबली की धाकट्यांना अवघडल्यासारखं होतं, त्या अर्धपोटी उठतात. भाभी त्या घरातल्या थोरल्या सून. चार घासांत पोट भरायचं, पण हात थाळ्यातच ठेवावा लागायचा. भात इकडून तिकडे सारायचा, बोटं तोंडापर्यंत न्यायची. शेजारच्या बाईने प्रेमाने मटणाचा तुकडा पुढे सरकवला की तो मात्र खावाच लागायचा. एकदा नणंद मुमताज यांच्याकडे असाच एक तुकडा जास्त झाला. भाभींनी न्हाणीघरात नळ मोठा सोडून सगळं ओकून टाकलं. बाहेर आल्यावर मुमताज म्हणाल्या, "खडे काढले ना आता? मग काय धाड भरलीय? खा की!"

खडे काढलेल्या माणसाला न जेवायला कारणच उरत नाही. मग भाभींनी जाणंच सोडलं. कधी गुडघा दुखायचा, कधी डोकं. आमंत्रणं हळूहळू आटली.

घरात एकट्या. भाकरी घशाशी अडायची, कोंबडीचा तुकडा छातीत बसायचा. उतरायची ती चहात बुडवलेली खारी. सकाळी खारी, दुपारी खारी, संध्याकाळी खिडकीत बसून क्रीमरोल. मी एकदा डोळे वटारले तर म्हणाल्या, "चावायला लागत नाही, अडकत नाही, आणि बघायलाही कोणी नाही." ब्लाउज उसवून घेतले गेले, मग नवे शिवले गेले. दवाखान्यातली तपासणी आधी पुढे ढकलली, मग विसरली. "कोणत्या तोंडाने जाऊ? एवढं कापून घेतलं आणि परत तीच म्हैस!"

मग एक दिवस चपलेने अंगठ्याला लागलं. साधंच खरचटलेलं, पण आठवडा झाला तरी भरेना. भाभी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या आणि पाय पुढे करून नुसत्या बघत राहिल्या. रज्जाकभाईंचं असंच सुरू झालं होतं.

"उद्या माझ्याबरोबर येता?" एवढंच म्हणाल्या.

साखर परत चढली होती. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच भाभींना रडू आलं. ते म्हणाले, ऑपरेशन शाबूत आहे, बिघडलंय ते जेवण. जखम भरेल. पण असंच चाललं तर सुई पुन्हा लागेल. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने नीट समजावलं. खारी, बिस्किटं बंद. आधी अंडं, डाळ, मटण, मासळी, तेही बारीक चावून. जेवताना चहा-पाणी नाही. पोट भरलं की थांबायचं, एक घासही वर नाही. शेवटी तिने विचारलं, "घरच्यांना माहितीय ना? त्यांची साथ लागते यात."

भाभींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "हो तर."

घरी त्यांनी नेटाने सुरू केलं. एक उकडलेलं अंडं संपवायला अर्धा तास. समोर टीव्ही, आवाज बंद. "वहिनी," एकदा मला म्हणाल्या, "खारी लवकर संपायची ते बरं होतं हो. हे असं एकटीने चावत बसलं की घर फार मोठं वाटतं."

जखम भरत आली होती, तेवढ्यात मुमताज स्वतः जिना चढून आल्या. नातवाचा अकीका होता, बाळाच्या जन्माची दावत. "या वेळी आली नाहीस भाभी, तर मी समजेन, भाई गेले तसं नातंही गेलं." जाताना मलाही आमंत्रण देऊन गेल्या.

मोमीनपुऱ्यात मुमताज यांच्या घरी बायकांनी खोली भरली होती. मी शाकाहारी, म्हणून मला कोपऱ्यात खुर्ची-टेबल आणि पुरीभाजीचं वेगळं ताट. तिथून मला सगळं दिसत होतं. दालचा-खान्याचे, म्हणजे डाळ-मटण आणि भाताचे, थाळे आले. मुमताज यांनी भाभींना हाताला धरून आपल्या थाळ्यावर बसवलं. भाभींनी दोन घास घेतले, सावकाश चावले. तिसरा. चौथा. मुमताज यांनी मोठा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. भाभींनी तो बघितला, आणि हात उचलला.

थाळ्यातले बाकीचे हात थांबले.

"काय गं? मीठ कमी झालं?" मुमताज यांनी विचारलं.

"नाही. माझं भरलं. तुम्ही जेवा." भाभी म्हणाल्या. "मला खडे नव्हते, मुमताज. पोट कापून लहान केलंय. यापेक्षा जास्त खाल्लं तर ओकते. आणि नीट नाही खाल्लं तर तुझ्या भाईसारखा माझा पाय जाईल."

"म्हणजे पैसे देऊन उपाशी राहायचं!" पलीकडच्या थाळ्यावरून कोणीतरी म्हणालं, आणि खसखस पिकली. मुमताज हसल्या नाहीत.

"मी तुला महिनाभर मटणाच्या पाण्याची यखनी करून पाठवत होते. ती खड्यांसाठी होती," त्या म्हणाल्या. "मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"



मुमताज उठल्या. एक छोटी ताटली आणली, दालच्यातले मऊ तुकडे वेचून तीत ठेवले, आणि भाभींना उठवून माझ्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसवलं. "इथे बस. अर्ध्या तासाने वाटलं तर खा. इथे तुला कोणी आग्रह करणार नाही." ती माया होती की राग, मला आजही सांगता यायचं नाही. खाली थाळ्याभोवतीच्या बायका जराशा सरकल्या, एक नवी सून रिकाम्या जागेत बसली आणि हात पुन्हा चालू झाले.

भाभी तिकडून माझ्या ताटाकडे वळल्या. "तुमच्यात रोज असंच? ज्याचं त्याचं ताट?"

"हो की."

"मग दुसऱ्याचा हात थांबला तर कळतं कसं?"

"विचारावं लागतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. थाळे उचलले गेले, दस्तरखान झटकून घडी झाला, बायका हात धुऊन आतल्या खोलीत बाळाला बघायला गेल्या. तिथून हसण्याचा आवाज येत होता. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघीच. भाभींनी ताटलीतला एक तुकडा बोटाने आणखी बारीक केला आणि तोंडात घातला.

"निघू या का?" मी विचारलं.

त्यांनी घास पूर्ण चावून गिळला. मग म्हणाल्या, "थांबा. अजून दोन घास मावतील."

मी खुर्ची जवळ ओढून बसले.