रायचूर विकायचं न्हाय

"फोडून दाखवू का?"

हे वाक्य अप्पा दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की ऐकणाऱ्याला प्रश्न पडे, हे दगडाबद्दल चाललंय की आपल्या डोक्याबद्दल? आम्ही शेजारी हातोड्यावरून ओळखायचो. हातोडा उजव्या हातात असला तर दगडाबद्दल. तो खाली ठेवून अप्पांनी बाह्या सारल्या, की डोक्याबद्दल.

सोलापूरच्या मंगळवार पेठेत त्यांचं जात्या-पाट्यांचं दुकान होतं आणि त्याला खेटून माझं, आरशांचं. मंडळी, जरा डोळ्यांसमोर आणा. दिवसभर घण चालवणारा धिप्पाड माणूस, मध्ये एक पातळ भिंत, आणि भिंतीच्या या बाजूला टांगलेले माझे आरसे! जात्याला टाकी लावताना उडालेली कपची रस्त्यावर जाऊन, वळण घेऊन, माझ्या दुकानात कशी शिरायची ते मला अजून उमगलेलं नाही.

"अप्पा, आरसा फुटला," मी सांगायला जायचो.

"आरसा व्हता, फुटला. दगड विका की तुमी. कशाला काचंच्या नादी लागलाय?"

एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "हा पाटा कच्चा वाटतो." अप्पांनी तिथल्या तिथं घण घातला. पाट्याचे दोन तुकडे झाले. अप्पांनी ते नीट पाहिले, "खरं बोलला," म्हणाले, आणि त्या गिऱ्हाइकाच्या कानाखाली एक ठेवून दिली. "मग आदी का न्हाय सांगितलंस? चार महिनं दुकानात ठिवला की म्या!"

प्रेम मराठीत, शिव्या कानडीत, आणि मारामारीला भाषा लागत नाही, असा त्यांचा कारभार.

अशा माणसाला दगडांचं वेड लागलं ते सांगोल्याकडच्या एका विहिरीपाशी. अप्पा तिकडे जात्यांसाठी काळा दगड पाहायला गेले होते. विहिरीला सुरुंग लावला होता. धुरळा बसल्यावर ढिगाऱ्यात दोन गोल गोटे सापडले, नारळाएवढे, वरून अगदी ओबडधोबड. अप्पांनी एक वाजवून पाहिला. आत पोकळी! मग काय, घण घातला. गोट्याचा चुरा झाला, आणि त्या चुऱ्यात जांभळ्या खड्यांची पूड चमकत राहिली, जणू कुणी संध्याकाळच कांडून टाकली असावी.

अप्पांनी ती पूड पुडीत बांधून आणली. पेठेतले घड्याळवाले चाचा डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. मग भिंग काढून म्हणाले, "अप्पा, तुमने दगड नई फोडा. राजवाडा फोडा."

दुसरा गोटा अप्पांनी फोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी वस्तू फोडली नव्हती, आणि त्यामुळे त्यांना झोप येईना.

तिथून मोहिमेची तयारी सुरू झाली. चाचांचा एक साडू गुंटकलच्या पुढे राहायचा. तिकडे हिऱ्यांच्या जुन्या खाणी आहेत, पावसानं माती धुतली की शेतात लोक वाकून वाकून खडे शोधतात, आणि त्या खाणींपाशी असे म्हातारे कारागीर आहेत की जे तार आणि कुरुंदाची पूड घेऊन दगड लोण्यासारखा कापतात, हे त्यानं सांगितलेलं. झालं! अप्पा, चाचा आणि मी असे तिघे निघणार. चाचांना हिरे हवे होते. मला सोलापूरबाहेर कुठंही चाललं असतं. अप्पांना एवढंच हवं होतं, की तो दुसरा गोटा कुणीतरी न फोडता उघडून दाखवावा.

बैठक दर सोमवारी दुपारी, अप्पांच्या दुकानात. रेल्वेच्या वाटेचा नकाशा कागदावर काढलेला त्यांना पटेना. त्यांनी तो जमिनीवर मांडला. होटगी म्हणजे एक उखळ. वाडी म्हणजे पाटा. कृष्णा नदी म्हणजे ओळीनं आडवे ठेवलेले वरवंटे. रायचूर म्हणजे दुकानातलं सगळ्यांत मोठं जातं. शेवटी गुंटकल, आणि त्याच्या पुढच्या खाणी म्हणजे कोपऱ्यातला फुटक्या दगडांचा ढीग.

नकाशा सुरेख होता. अडचण एकच, तो विक्रीला होता.

एका सोमवारी एक बाई भावाला घेऊन आली आणि तिनं मोठ्या जात्यावर हात ठेवला. "हे केवढ्याला?"

"ते रायचूर हाय. विकायचं न्हाय."

"काय हाय?"

"रायचूर! दुसरं घ्या."

"मला हेच पायजे. दुकानात मांडलंय आन् विकायचं न्हाय म्हंजे?"

तिच्या भावानं जातं उचलायला हात घातला. अप्पांनी बाह्या सारल्या. मी तुम्हाला एवढंच सांगतो, की तो भाऊ कृष्णा नदीवरून घसरत होटगीपर्यंत गेला, उठला, आणि परत येताना त्यानं वाडी उचलून अप्पांच्या पायावर टाकली. अप्पांच्या अंगठ्याचं नख गेलं. माझा एक आरसा गेला. चाचा मात्र खाणींच्या ढिगावर बसून डोळ्याला भिंग लावून सगळं पाहत होते, "वा! वा!" म्हणत.

सगळ्याच बैठका अशा संपायच्या. खाणीत आधी कोण उतरणार? भांडण. घण दोन न्यायचे की तीन? भांडण. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठरली, तर भाकरी पुरेशी कडक आहे का हे अप्पांनी चाचांच्या गुडघ्यावर आपटून पाहिलं. चाचा दोन दिवस लंगडत होते. "कायकू जातुंय मैं इसके साथ?" ते मला विचारायचे आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

तोवर गोटा अप्पांच्या घरात, ज्वारीच्या कणगीत पुरलेला होता. तिथं अक्कांचं राज्य. अक्का म्हणजे अप्पांची बायको, अंगानं बारीक, पण त्यांचा आवाज लागला की अप्पांचा घण खाली यायचा. ज्वारी काढताना गोटा त्यांच्या पायावर पडला.

"अहो, दुकानात दगड, अंगणात दगड, आता खाण्यात बी दगड? उद्या तळ्यात टाकून देईन, सांगून ठिवते!"

अक्का बोलतात तसं करतात हे सगळ्या पेठेला माहीत होतं. अप्पा घाबरले. आणि घाबरलेल्या अप्पांनी जी युक्ती केली ती पेठेच्या इतिहासात अमर झाली आहे. भल्या पहाटे त्यांनी दुकानासमोरच्या लिंबाखाली चुन्यात गोटा बसवला आणि त्याला शेंदूर फासला.

"आता कोन हात लावंल?" ते आम्हाला म्हणाले. "चोर न्हाय, बायको न्हाय. फुकटचा पहारा! जायच्या दिशी उचलायचा आन् गाडीत बसायचं."

चाचांनी कपाळाला हात लावला. मी हसलो. देवाशपथ, मला ते फार हुशारीचं वाटलं.

आठवड्यात गोट्यावर फूल दिसलं. महिन्यात नारळ. पलीकडच्या गल्लीतल्या एका विणकराच्या पोराचा ताप उतरला आणि तिथं घंटा आली. पेठ त्याला गोटोबा म्हणू लागली. भोवती कट्टा झाला. अप्पा आपल्या गोट्याभोवती जमणारी गर्दी पाहून खूश असायचे. "बघा, पहारेकरी वाढले!"

आणि सगळ्यांत मोठ्या भक्त कोण झाल्या? अक्का! दर सोमवारी न चुकता नारळ, डोळे मिटून पुटपुटणं. अप्पा मला कोपरानं ढोसून म्हणायचे, "माझ्याच दगडाला माझीच बायको नमस्कार करती. आयुष्यात मला न्हाय केला."

शेवटी दिवस ठरला. गाठोडी बांधली. टांगा दारात उभा. अप्पा पहार घेऊन लिंबाखाली गेले आणि चुन्यात पहिली पहार घातली.

कट्ट्यावरची फुलवाली किंचाळली. "ओ अप्पा! देवाला पहार?"

"देव न्हाय हो, माझा गोटा हाय. बाजूला व्हा."

मग जे झालं ते मी तुम्हाला पूर्ण रंगात सांगितलं असतं, पण सुरुवातीलाच कुणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यावर बसलं आणि मी उरलेलं एकाच डोळ्यानं पाहिलं. मागावरून उठून विणकर धावले. हमाल धावले. अप्पांनी एकाला गटारात बसवलं, दुसऱ्याला टांग्याखाली सारलं. टांग्याचं घोडं उधळलं आणि आमची गाठोडी घेऊन स्टेशनच्या दिशेनं एकटंच निघून गेलं. कुणी अप्पांच्याच दुकानातला वरवंटा उचलला. तो इतका जड की फेकणारा स्वतःच त्याच्यामागे गेला, माझ्या दुकानात. त्या दिवशी माझ्याकडे अख्खा असा एकच आरसा उरला, आणि त्यात मी पाहिलं तर माझं तोंड सुजलेलं. अप्पांचा पुढचा दात पडला, ओठ फाटला, सदरा रक्तानं भिजला. पण ते जिंकत होते. हां हां म्हणता गर्दी मागे सरली. अप्पांनी पुन्हा पहार उचलली.

आणि अक्का आल्या. त्यांनी दोन्ही हात गोट्यावर ठेवले.

"हाणा आता."

"सरक! अगं, ह्यो माझा गोटा हाय. कणगीतला! शेंदूर म्या लावलाय!"

मग कुणीतरी म्हणालं, "देवाला माझा म्हणतोय. डोकं फिरलंय." कुणाचाच विश्वास बसला नाही. अक्कांचा मात्र बसला. त्यांनी गोट्याकडे नीट पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"कुनी का लावंना शेंदूर," त्या हळू म्हणाल्या. "नवस मी बोललीये."

"कसला नवस?"

"तुमचा हात थंड होऊ दे म्हनून."

अप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांची सालं निघाली होती, रक्त पहारीवरून ओघळत होतं, त्यातलं बरंचसं त्यांचं नव्हतं. ते पाहत राहिले, पाहत राहिले. मग त्यांनी पहार लिंबाला टेकवून ठेवली, अगदी आवाज न करता. मी त्यांना कुठलीही वस्तू आवाज न करता ठेवताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकानं मोठ्या जात्याकडे बोट दाखवलं. अप्पांनी क्षणभर मान खाली घातली.

"घ्या," ते म्हणाले. "रायचूर हाय. चांगलं दळतंय."

खाणी तशाच राहिल्या. चाचा एकटे साडूकडे जाऊन आले आणि हिरा म्हणून एक गारेचा खडा घेऊन आले. अप्पांनी तो भिंगातून पाहिला, "झकास हाय," म्हणाले आणि परत दिला. फोडला नाही! नवस फळला होता, मंडळी. त्यानंतर त्यांनी कुणावर हात टाकल्याचं मी पाहिलं नाही.

पण दर सोमवारी ते कट्ट्यावर येऊन बसायचे. लोक गोटोबावर नारळ आपटायचे आणि अप्पा मान वाकडी करून, कान देऊन ऐकत राहायचे.

"जरा जोरात मारा की! देव हाय, लेकरू न्हाय."

लोक म्हणायचे, काय भक्ती! मी आणि चाचा एकमेकांकडे पाहायचो नाही.

गेल्या हिवाळ्यात अप्पा तापानं गेले. हातोडा दुकानाच्या उंबऱ्यावर पडून होता, कुणी उचलला नाही. काही दिवसांनी अक्का माझ्या दुकानात आल्या. मी आरसे झाकायला उठलो, सवयीनं.

"भावजी, एक विचारू? ते सोमवारी कान लावून काय ऐकायचे?"

मी सांगितलं. जोडीचा गोटा, त्याचा चुरा, जांभळे खडे, तारेनं दगड कापणारे म्हातारे, सगळं.

"मला वाटलं, हिऱ्याच्या पाठी चाललेत," त्या म्हणाल्या. "नुसतं आत बघायचं व्हतं व्हय?"

पुढच्या सोमवारी त्या लिंबाखाली उभ्या होत्या, पिशवीत दोन नारळ. पहिला त्यांनी असा आपटला की घंटा आपोआप वाजली. पाणी शेंदरावरून ओघळलं. त्यांनी वाकून पाहिलं. गोटा होता तसाच.

दुसरा नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. "जरा जोरात मारा की, भावजी."

मी डोळे मिटले, सगळी ताकद एकवटली आणि मारला. आरसेवाल्याचा हात तो! नारळसुद्धा फुटला नाही, उसळून गटाराकडे गेला.

अप्पा गेल्यापासून अक्का पहिल्यांदा हसल्या. जाऊन नारळ उचलून आणला, पदरानं पुसला, आणि बाह्या सारल्या.

"फोडून दाखवू का?"