मास्कवर ठेवलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मला साधी विडी कधी लपवता आली नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही युसुफला ओळखत नव्हता, म्हणून असेल. त्याला ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे सांगणं मला जमणार नाही.

नेरळला आमच्या सोसायटीत मी 'फौजी काका'. पंधरा ऑगस्टला झेंडा माझ्याच हातून फडकतो. मग मुलं मागे लागतात, काका, एकाहत्तरच्या लढाईचं सांगा. मी सांगतो — चांगलं रंगवून सांगतो. मालवाहू विमानांची बॉम्बर कशी केली होती, पोटात लाकडी फळ्यांवर बॉम्ब कसे मांडलेले असायचे, मागचं दार उघडून ते रुळांवरून आम्ही हातांनी कसे ढकलायचो. विमान जड आणि सुस्त. खालून तोफा आग ओकत असल्या तरी नेम धरताना ते सरळच जाणार, वळायचं नाव नाही. परत येऊच, याची खात्री कुठल्याच फेरीला नसायची. इथवर सगळं खरं आहे. पुढचं मी गाळतो.

युसुफ खालापूर तालुक्यातला, मी कर्जतचा. इतक्या लांब आपल्याकडचं बोलणं कानावर पडलं आणि आमची गट्टी जमली. मागच्या दाराशी दोघांची जोडी लागायची, ती आमचीच असायची.

वर हवा फार विरळ. मास्कमधून ऑक्सिजन आला नाही, तर माणूस दारू प्यायल्यासारखा व्हायचा. उगाच हसायचा, नसलेलं बघायचा, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. म्हणून आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. वर असताना आपल्या डोळ्यांपेक्षा जोडीदाराचं खरं मानायचं. विमानाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, सगळं खुणांवर. मास्कवर पंजा ठेवला की अर्थ — माझा ऑक्सिजन बंद आहे. तो माणूस खाली बसायचा, त्याचं काम दुसऱ्यानं करायचं. त्या खुणेवर शंका घ्यायची नाही.

त्या फेरीत माझ्या बाजूची फळी अडकली. अगदी दाराच्या तोंडाशी, जिवंत बॉम्बसकट. पुढे जाऊन तिला अडवणारी लोखंडी खीळ उपटायची, बस, एवढंच काम. पण दाराबाहेर तोफांचे गोळे फुटताना दिसत होते आणि माझे पाय... कसं सांगू? हललेच नाहीत. ऐन वेळी धैर्य आपोआप येतं असं मी धरून चाललो होतो. ते आलं नाही. ऑक्सिजन मात्र व्यवस्थित येत होता.

मी मास्कवर पंजा ठेवला.

युसुफ लगेच उठला. ऑक्सिजनची छोटी बाटली गळ्यात अडकवून पुढे सरकला. जाड मोज्यात खीळ सापडेना, म्हणून त्यानं मोजा काढला. आमच्या भागातल्या माणसाला थंडी म्हणजे शेकोटीपुरती ठाऊक! उघडा हात गारठलेल्या लोखंडाला चिकटला. त्यानं तो तसाच ओढला. खीळ निघाली, बॉम्ब गेला, विमान वाचलं. बाटली संपत आल्यावर तो रांगत मागे आला आणि माझ्या मांडीवर कोसळला. उजव्या हाताची बोटं पुढे कापावी लागली.

उतरल्यावर साहेबांनी विचारलं, तू त्याच्या बाजूला कशाला गेलास? तो म्हणाला, याचा मास्क बिघडला होता, यानं खूण केली. माझा मास्क तपासला. ठणठणीत निघाला. साहेब माझ्याकडे वळले. तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही?

"मी खूण केली नाही, सर. त्याला भास झाला असेल."

युसुफ माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, गोंधळून. मग हळूहळू त्यानं मान डोलावली. जोडीदाराचं खरं मानलं त्यानं.

तुम्हाला वाटेल, झाला तो भ्याडपणा, तरुण वय होतं. नाही. खरा दगा मी नंतर दिला, वर्षानुवर्षं, त्याच्याच घरचा चहा पीत. युसुफ खोपोलीला भावाच्या दुकानात बसायला लागला. मी ईदला जायचो. भाभी शीरखुर्मा पुढे करायच्या आणि हा हटकून विचारायचा, "दत्ता, तू हात केला व्हतास ना रं?"

"नाय रं. तुला हवा कमी पडली व्हती."

तो हसून सोडून द्यायचा. पण त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. दुकानाला कुलूप लावलं की भाभींना बघून यायला सांगायचा. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत ट्रकनं शेजाऱ्याला उडवलं. नंबर यानं वाचला होता. त्या शेजाऱ्याची बायको दुकानात येऊन रडली, तरी हा साक्षीला गेला नाही. "माझ्या डोळ्यांचा काय भरवसा, वयनी?" म्हणाला. मी तिथंच बसलो होतो. चहा पीत.

गेल्या महिन्यात युसुफ वारला. त्याआधी त्यानं मला बोलावून घेतलं होतं. खाटेवर पडून होता, मुलगा उशाशी. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून मी गेलो होतो. खरंच ठरवलं होतं का? आता मलाही सांगता येत नाही.

त्यानं तेच विचारलं. मी म्हणालो, "नाय रं."

मग त्यानं मुलाला खोलीबाहेर पाठवलं. बोटं नसलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"दत्ता, एक सांगू? मनातून मी तुला खोटाच समजत आलो. तोंडानं हसायचो, पर आत शंका व्हती. आपल्या जोडीदारावर शंका घेतली मी. जायच्या आधी माफ कर मला."

मी म्हटलं, "केलं."