माझी मूठ उघडीच होती

माझा स्वभाव मुळात आगाऊ. लोकांना आग्रह करकरून वाढायचं आणि नाही म्हटलं की रुसायचं. स्टुटगार्टला कॉन्ट्रॅक्टवर गेले तेव्हा हा स्वभाव बरोबर नेला होता, पण तो सोसायला तिथे माणूसच नव्हतं. दिवसभर गाड्यांच्या दारांची ड्रॉइंग्ज तपासायची, एस-बानची लोकल पकडून त्सुफेनहाउझेनला उतरायचं, खोलीत शिरून दार लावायचं. पुण्याला फोन लावायचा तर कार्ड खरवडून, तोही रविवारी. शुक्रवारी ऑफिसातून निघाल्यावर सोमवारपर्यंत तोंडातून शब्द फुटायचा नाही. एकदा तर मी कुकरशी भांडले, शिट्टी देत नाही म्हणून. इतकी वाईट अवस्था!

शेजारच्या खोलीत घरमालकीणबाईंचा भाचा राहायचा. त्याची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. तिकडे केअरवोखे असते. दाराला पाटी लागली की त्या आठवड्यात जिना आपण साफ करायचा. माझ्या दाराला पाटी लागली. म्हटलं, जिना धुणं काय, लहानपणापासून करतेय. दिलं बादलीभर पाणी ओतून. लाकडी जिना! पाणी खालच्या दारांखालून आत शिरलं. माझ्या शेजारच्या दारातून एक काटकुळा माणूस बाहेर आला, हसला, आणि टॉवेल घेऊन माझ्याबरोबर तीन मजले पुसायला बसला. नंतर म्हणाला, "इथे जिना झाडतात. पोहायला वापरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला बाईंकडे गेले, तर त्यांच्या भिंतीवर त्याचेच फोटो. हा माणूस स्की जंपर होता, तोही चॅम्पियन! बर्फाच्या उंच उतारावरून घसरत यायचं, टोकाला हवेत झेप घ्यायची, जो लांब जाऊन उतरेल तो जिंकला. एकोणिसाव्या वर्षी तो जिंकायला लागला. बाविसाव्या वर्षी त्याचा चेहरा चॉकलेटच्या वेष्टनावर होता, गावात बँडने स्वागत झालं होतं. मग एकदा पडला, गुडघा गेला. परत आला, एक हिवाळा पुन्हा चमकला, पुन्हा घसरला. आता अठ्ठावीस वर्षांचा होता. दोन वर्षं संघाबाहेर. गुडघ्याचे डॉक्टर स्टुटगार्टात म्हणून आत्याकडे राहायचा आणि सरावाला आठवड्यातून तीन दिवस श्वार्झवाल्डच्या डोंगरात जायचा. पूर्वी दिवसाला वीस फोन यायचे म्हणे. मी तिथे होते तेवढ्यात त्याच्यासाठी एकही वाजलेला ऐकला नाही.

संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. मी फोडणी घालायची, त्याने वास घ्यायचा. जेवायचा नाही. अर्धं सफरचंद आणायचा, त्याच्या आठ फोडी करायचा आणि एकेक फोड अशी चावायचा की मला घास उतरेना. त्या खेळात हलका माणूस लांब जातो, एवढं मला समजावून सांगितलं होतं त्याने. मला ते पटलं नव्हतं. पण घरात कुणीतरी वाट बघतंय, या विचाराने मी ऑफिसातून धावत यायला लागले होते, हे मात्र खरं.

दिवाळीला मी करंज्या केल्या. खोबरं कुठून कुठून मिळवलं, ते माझं मला माहीत. एक पुढे केली. तो नको म्हणाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा नको. मी चिडले आणि आपल्याकडे सगळ्याच बायका म्हणतात तसं बोलून गेले, "तुला माझी शपथ आहे." याचा अर्थ काय, त्याने विचारलं. म्हटलं, "नाही खाल्लीस तर मी मरेन." त्याला ते खरंच वाटलं. मुकाट्याने एक खाल्ली. मी म्हटलं, एकाने काय होतंय, जोडीने खा. मग दुसरी, मग तिसरी. आणि मी समोर बसून खूश होत होते!

सकाळी खिडकीतून पाहिलं तर हा दोन जाकिटं चढवून टेकडीच्या पायऱ्या धावत चढतोय, उतरतोय. पुढचे दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही. मी जाऊन भांडले, "तीन करंज्यांनी कुणी मरतं का रे?" तो शांतपणे म्हणाला, "नाही. पण मी तुझ्यासाठी खाल्ल्या, हे वर हवेला कळत नाही." तीन आठवडे आम्ही बोललो नाही. ते तीन आठवडे मला खायला उठले.

डिसेंबरात त्याने दार वाजवलं. नववर्षाच्या स्पर्धेत त्याला एक संधी मिळाली होती. पहिल्या फेरीत पहिल्या तिसांत आला तर पुन्हा संघात, आणि मग मुक्काम तिकडे दक्षिणेला. नाही आला तर खेळ संपला. मग इथेच राहून फिजिओथेरपी शिकायची. "जमेल रे," मी म्हटलं. तोंडाने म्हटलं.

एक जानेवारीच्या दुपारी मी बाईंच्या टीव्हीसमोर बसले. त्याची पाळी आली तशी बाईंनी दोन्ही अंगठे मुठीत दाबले. कुणाचं भलं व्हावं म्हणून तिकडे असं करतात. मलाही म्हणाल्या, "दाब, दाब!" माझे हात शालीखाली होते. मी काही दाबलं नाही.

तो झेपावला. मला वाटलं, आता हा उतरतच नाही. आणि तेवढ्यात उतरला. एकतिसावा. कॅमेरा लगेच पुढच्या मुलाकडे गेला. बाई रडायला लागल्या. माझ्या मनात पहिलं काय आलं, ते आज सांगून टाकते: बरं झालं, राहील आता.

तासाभराने त्याचा फोन आला. बाईंनी बोलून रिसीव्हर माझ्या हातात दिला. "आत्या म्हणाली, तुम्ही दोघींनी अंगठे दुखेपर्यंत दाबलेत," तो म्हणाला. "बरं वाटलं. इथे मैदानात माझ्यासाठी कुणीच नव्हतं." मी म्हटलं, "हो रे, दोघींनी."

तो परत आला. कोर्सला जाऊ लागला, रोज माझ्याकडे जेवू लागला, मागून मागून. मला त्याच्याकडे मान वर करून बघता येईना. मार्चमध्ये दुसऱ्या शहरात, डार्मश्टाटला, जागा निघाली, मी अर्ज केला. त्याला सांगितलं, तिथलं काम जास्त चांगलं आहे. काम तेच होतं.